एक कमी पडलं

केस उतरवायचे म्हणजे वस्तरा धरणारा हात स्थिर लागतो. अकुसालेचा हात साठी उलटली तरी स्थिर होता. धाकटा भाऊ चिलोंबे गेल्याला तीन महिने झाले होते. तेवढे दिवस घरात कुणी डोक्याला पाणी लावलं नव्हतं की तेल. आज दुखवटा फिटणार होता. आधी सगळ्यांचे केस उतरायचे आणि ऊन कलायच्या आत तिच्या थोरल्या मुलानं, लुसेवानं, मामाचं नाव घ्यायचं. नाव घेतलं की मामाची गादी त्याची. मामाच्या झोपड्या, बायका, पोरंसोरंही त्याचीच. मग त्याला लुसेवा कुणी म्हणायचं नाही, चिलोंबेच म्हणायचं. माणूस मरतो, नाव मरू द्यायचं नसतं.

ज्वारीची आंबवलेली दारू तीन रांजणांत फसफसत होती. चार गावांची माणसं मोठ्या झाडाखाली चटयांवर बसली होती.

"मान जरा खाली कर," अकुसाले म्हणाली. "ताठ मानेवर वस्तरा चालत नाही."

नाबांडानं मान खाली घातली. चिलोंबेच्या बायकांतली ती सर्वांत जुनी. सव्वीस वर्षांपूर्वी सरोवराच्या पलीकडून दोरीला बांधून आणलेली सोळा वर्षांची पोर होती ती. बांडा तिच्या कुळाचं नाव. बांडाची बाई म्हणून नाबांडा. तिचं स्वतःचं नाव या घरात कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही सांगितलं नव्हतं.

"किनाऱ्यावरून काय आणणार म्हणाला तुझा लेक?" अकुसालेनं विचारलं.

"मीठ म्हणाला. आणि तुमच्यासाठी आरसा, वन्सं."

"या वयात आरसा कशाला? मेलेल्या भावाचं तोंड दिसतं मला पाण्यात. तेवढं पुरे आहे."

नाबांडा हसली. मुलाचं नाव निघालं की तिचा चेहरा उजळायचा. सहा दिवसांपूर्वी कालांजे किल्व्याच्या बंदराच्या वाटेला लागला होता. किनाऱ्याचा व्यापारी सेफू याचा तांडा घेऊन निघाला, तेव्हा आतल्या मुलखातून आलेला हस्तिदंत खांद्यावर घेऊन, पायात घुंगरू बांधून तोच सगळ्यांच्या पुढे होता. गावातल्या पोरींनी वेशीपर्यंत गाणी म्हटली होती. किनारा पाहून आलेल्या माणसाला आमच्याकडं वेगळाच मान. समुद्र पाहिलेल्याच्या बोलण्यात कुणी मध्ये बोलत नाही.

डोक्याची उजवी बाजू उतरली होती, डावी राहिली होती, तेवढ्यात माणसांत कुजबुज उठली. अकुसालेनं वर पाहिलं. तिचा धाकटा मुलगा मटोला अंगणात येत होता. तोही तांड्याबरोबर गेला होता, राखणदार म्हणून. गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला, आणि एकटाच.

"तू इथं कसा?" ती म्हणाली. "तांडा तर अजून दोन महिने यायचा नाही."

मटोलानं आईकडं पाहिलंच नाही. तो नाबांडासमोर येऊन उभा राहिला. बसला नाही. वडीलधाऱ्या बाईसमोर उभ्यानं बोलत नाहीत आमच्याकडं. तेवढ्यावरूनच बायकांची बोलणी थांबली.

"मामी," तो म्हणाला, "कालांजेला लाकडात घातलंय."

नाबांडाला कळलं नाही. "कुठल्या लाकडात?"

"दुबेळक्याच्या, धरून आणलेल्यांना घालतात त्या. मानेत. पुढं खिळा ठोकलाय." त्यानं स्वतःच्या गळ्यापाशी दोन बोटं धरली आणि लगेच हात खाली घेतला. "लुजेंडा नदीच्या तळावर. सकाळी पाणी प्यायला वाकला होता. चौघांनी धरलं. त्याला वाटलं, चेष्टा करतायत. तो हसत होता, मामी. खिळा ठोकेपर्यंत हसत होता."

वस्तरा अकुसालेच्या हातातून चटईवर पडला.

"सेफू काय म्हणाला?" तिनं विचारलं.

"मी बंदूक रोखली त्याच्यावर. तो म्हणाला, माझ्यावर कशाला रोखतोस? वीस माणसं ठरली होती, वीस घेतली. विश्वास नसेल तर घरी जा आणि तुझ्या भावाला विचार." मटोला वळला. झाडाखाली, नव्या पांढऱ्या कापडात लुसेवा बसला होता. "म्हणून विचारायला आलो. दादा, खरं आहे का?"

सगळ्यांच्या माना लुसेवाकडं वळल्या. तो नाही म्हणेल, असं अकुसालेला वाटलं. नाही म्हणायला लागतो तितका वेळ गेला. त्याच्या दुप्पट गेला.

"खरं आहे," लुसेवा म्हणाला.

*

लुसेवाला ठाऊक होतं, हे एक दिवस बाहेर येणार. फक्त आज येऊ नये, एवढंच त्याला वाटत होतं. नाव घेतल्यावर आलं असतं तर चिलोंबे म्हणून उत्तर देता आलं असतं. आज तो अजून फक्त लुसेवा होता, अकुसालेचा मुलगा, आणि भाऊ त्याच्यासमोर चिखलानं माखून उभा होता.

दारूचे रांजण तसेच राहिले. केस उतरवायला बसलेल्या बायका उठून मागे सरकल्या. पंच चिवाया, ज्याला गावातले सगळे आजोबा म्हणत, काठी टेकत मध्ये येऊन बसला.

"बसा सगळे," म्हातारा म्हणाला. "प्रश्न निघालाय तर रीतीनं निघू दे. तक्रार कुणाची?"

"माझी," नाबांडा म्हणाली.

ती उभी होती, अर्धं डोकं उतरलेलं, अर्ध्यावर तीन महिन्यांचे केस. कुणाला हसू आलं नाही.

"तुझ्या वतीनं कोण बोलणार, बाई?" म्हाताऱ्यानं विचारलं. दुष्टपणानं नाही. रीतच तशी. बाईचं गाऱ्हाणं तिचा भाऊ मांडतो. मुलावर हक्क बापाचा नसतो, मामाचा असतो. मूल दुखावलं तर मामा येतो, सोबत भाले येतात. म्हणून तर आमच्या मुलखात कुणी कुणाच्या पोराला सहजासहजी हात लावत नाही.

"माझं मीच बोलते."

"तसं चालत नाही. भाऊ कुठाय तुझा?"

"तुम्हीच मारलात त्याला," नाबांडा म्हणाली. "मला आणलंत त्याच दिवशी. आजोबा, तुम्ही होतात त्या स्वारीत. तेव्हा काठी लागत नव्हती तुम्हाला."

म्हातारा काठीकडं बघत राहिला.

लुसेवाला वाटलं, झालं. इथंच संपेल. जिला भाऊ नाही तिचं गाऱ्हाणं नाही. वाईट वाटण्यापलीकडं कुणी काही करू शकत नाही. तेवढ्यात मटोला चालत गेला आणि नाबांडाच्या उजव्या हाताला, भावाच्या जागी, मांडी घालून बसला.

"अक्का," तो म्हणाला, "तू पण बस."

सव्वीस वर्षांत तिला या घरात कुणी अक्का म्हटलं नव्हतं. ती खाली बसली.

"हे काय चाललंय?" लुसेवा म्हणाला. "ती तुझी मामी आहे."

"होती. मामा गेले. आता मी तिचा भाऊ. आजोबा, असं करता येतं की नाही?"

"पाहिलं नाही कधी," चिवाया म्हणाला. "पण नाही म्हणणारा कायदाही मला आठवत नाही."

"मग मी कालांजेचा मामा झालो. माझ्या भाच्याला माझ्या परवानगीशिवाय कुणी दिलं, ते मला ऐकायचंय."

लुसेवाच्या कानशिलात रक्त चढलं. लहानपणापासून हे असंच. तो घराचा भार उचलणार आणि मटोला टाळ्या घेणार.

"ऐक मग," तो म्हणाला. "ती टेकडी दिसते? तिच्यामागं दोन गावं होती. माविती लुटारू आले, एका सकाळीत दोन्ही जाळली. म्हाताऱ्यांना भाल्यावर घेतलं, पोरांना आपल्यात ओढलं. ढालींची भिंत करून येतात ते. बाणांनी थांबत नाहीत, बंदुकीनं थांबतात. बंदूक आपल्याकडं कोण बनवतं? लोहार चिंगा कुदळ बनवतो. बंदूक किनाऱ्यावरून येते. किनारा तिच्या बदल्यात दोनच गोष्टी घेतो, हस्तिदंत नाहीतर माणूस. हत्ती आपल्या आजोबांनी संपवले. आता तूच सांग, काय द्यायचं होतं?"

"माणसं देतच होतास की," मटोला म्हणाला. "दर साली देतोय आपण. मी स्वतः नेऊन सोडलीत. मी काही धुतल्या तांदळाचा नाही."

"मग आज काय झालं?"

"आज आपल्या घरातला होता."

"आपल्या घरातला," चिवाया हळूच म्हणाला, जणू शब्दांचं वजन करून बघत होता.

मटोला माणसांकडं वळला. "तुमच्यापैकी किनारा पाहिलाय किती जणांनी? मी तीनदा पाहिलाय. इथं येऊन मी समुद्राच्या गोष्टी सांगितल्या, बाकीचं सांगितलं नाही. किल्व्याच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना हाडं पडलीत. जो चालू शकत नाही त्याला तिथंच सोडतात. जे पोचतात त्यांना होडीत लाकडं रचावीत तसे रचतात. पलीकडं बेट आहे. तिथं लवंगेची झाडं लावलीत. डोळा पोचेल तिथपर्यंत एकच झाड. ती कळी हातानंच खुडावी लागते. जितकी झाडं, तितके हात. झाडं दर वर्षी वाढतात आणि खुडणारे मरतात. म्हणून सेफू येतो. तो गेला तर दुसरा येईल. मी विचारलं होतं एकाला, कधी पुरे होणार तुमचं? तो म्हणाला, जगात लोक जेवणात लवंग घालायचं थांबवतील तेव्हा."

बायकांत एकीनं पोराला जवळ ओढलं.

"मामांनी कालांजेला खांद्यावर बसवून वाढवलं," मटोला भावाला म्हणाला. "शिकारीला घेऊन जायचे ते त्याला, तुला नाही. त्याचाच डूख धरलास ना? मामांचे डोळे मिटायचीच वाट बघत होतास."

इथंही लुसेवा गप्प राहू शकला असता. राहायचं ठरवलंही होतं त्यानं. मेलेल्याच्या नावावर डाग लावायचा नाही, आणि तेच नाव आता आपल्याला घ्यायचंय. पण चार गावांसमोर डूख हा शब्द त्याला सोसवला नाही.

"मामांनीच ठरवलं," तो म्हणाला.

"खोटं," नाबांडा म्हणाली.

"आईला विचार."

अकुसालेनं चटकन वर पाहिलं. "मला काय माहीत?"

"तू उशाशी होतीस, आई. पंख्यानं वारा घालत होतीस. सेफू चाळीस बंदुका घेऊन बसला होता, त्याला वीस माणसं हवी होती. खाली शेळ्यांच्या वाडग्यात धरून आणलेली एकोणीस होती. एक कमी पडलं. सेफू म्हणाला, एकोणिसांवर मी बंदुका देत नाही, उत्तरेला जातो. मी मामांना विचारलं, कुणाला देऊ? कुणालाही दिलं तर त्याचा मामा भाले घेऊन दारात येणार. माविती टेकडीपलीकडं आणि घरात भांडण. तेव्हा मामा काय म्हणाले?"

अकुसालेचे ओठ हलले. तिला ती दुपार आठवत होती. भावाचा ताप चढलेला. तो छपराकडं बघत बोलत होता.

"म्हणाला..." ती थांबली. "म्हणाला, ज्याच्यामागं विचारायला कुणी येणार नाही असा एकच आहे."

"आणि?"

"मला वाटलं, स्वतःबद्दल बोलतोय. मरणाचं बोलतोय. मी म्हटलं, असं बोलू नये, आम्ही आहोत ना."

"स्वतःबद्दल नव्हते बोलत," लुसेवा म्हणाला. "नंतर भिंतीकडं तोंड केलं आणि मरेपर्यंत या कुशीवर वळले नाहीत. कालांजे पाणी घेऊन यायचा, त्याच्या हातचं घ्यायचे नाहीत. तुम्हाला वाटलं, ताप आहे. मी हे कुणाला सांगणार नव्हतो. माझ्यावर आलं असतं, चाललं असतं."

नाबांडानं डोक्यावर हात नेला. उतरलेल्या बाजूवरून तिनं बोटं फिरवली, हळूहळू. तीन महिने ज्याच्यासाठी तिनं राखेत झोप काढली तो माणूस तिला डोळ्यांसमोर आणता येईना. चेहरा यायचा आणि भिंतीकडं वळायचा.

अकुसाले मात्र मुलाकडं बघत होती. तिला त्याच्याही आधीचं आठवलं होतं. चिलोंबेला गादी मिळाली तेव्हा तिनंच त्याला सांगितलं होतं, चांगल्या कुळाच्या बायका करशील तर पोरं त्यांच्या मामाकडं जातील, तुझं घर रिकामं राहील. त्यापेक्षा बाहेरच्या कर, बांधून आणलेल्या. त्यांना मागंपुढं कुणी नाही. त्यांची पोरं आपली राहतात.

"आपली राहतात," ती स्वतःशीच म्हणाली. "मी म्हटलं होतं. मी त्याचा असा अर्थ..." शेजारी बसलेल्या जावेनं तिचा हात धरला, आणि अकुसालेनं तो सोडवून घेतला.

म्हाताऱ्या चिवायानं घसा साफ केला. "मटोला मामा झालाय. मामानं गाऱ्हाणं मांडलंय. आता तोड काय?"

लुसेवानं कापडाची गाठ सारखी केली. तोड त्याच्याकडं तयार होती. मटोला अंगणात आला तेव्हापासूनच तो ती जुळवत होता.

"सेफू मुक्कामाला रेंगाळतो," तो म्हणाला. "पाणी उतरेपर्यंत तो नदी ओलांडणार नाही. गाठता येईल. तो घेतलेलं माणूस परत देतो, पण एकाला दोन घेतो, तो त्याचा नेम आहे. तांडा निघाला तेव्हा वाडगं रिकामं झालं होतं. चार दिवसांपूर्वी आपली माणसं सरोवरावरून आलीत. आता वाडग्यात अकरा आहेत." तो नाबांडाकडं वळला. आजपर्यंत तो तिला मामी म्हणत आला होता. आता काय म्हणावं हे त्याला कळेना, म्हणून त्यानं काहीच म्हटलं नाही. "दोन घेऊन जा. तुझा मुलगा आण. मी आडवा येणार नाही."

झाडाखाली सगळ्यांनी सोडलेला श्वास लुसेवाला ऐकू आला. माणसं एकमेकांकडं बघून माना हलवू लागली. चांगली तोड आहे. न्यायाची आहे. बायकांतून कुणीतरी म्हणालं, सुटला गं बाई पोरगा. लुसेवाची धाकटी बहीण अतुपेले तर रडायलाच लागली, आनंदानं; कालांजे तिच्याच वयाचा, दोघं एकत्र चालायला शिकली होती.

"झालं तर मग," चिवाया म्हणाला. "मामाला कबूल?"

मटोलानं नाबांडाकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते लुसेवाला वाचता आलं नाही.

"अक्का सांगेल," तो म्हणाला.

*

वाडगं गावाच्या खालच्या अंगाला होतं. आधी त्यात शेळ्या असायच्या. बाभळीच्या काट्यांचं कुंपण, वर निम्म्या भागावर गवताचं छप्पर. नाबांडा सव्वीस वर्षं या गावात होती आणि सव्वीस वर्षं पाण्याला जाताना ती वरच्या वाटेनं जायची. खालची वाट जवळची होती.

मटोलानं काटे बाजूला केले. "मी निवडू का?" त्यानं विचारलं. "तू बाहेर थांब."

"नको. मुलगा माझा आहे."

आत अकरा माणसं होती. तीन पोरं, त्यांच्याकडं तिनं बघितलंच नाही. दोन पुरुष, एकाचा खांदा सुजलेला. बाकीच्या बायका. त्या आपसात बोलत होत्या आणि नाबांडाला प्रत्येक शब्द कळत होता. कोंबड्यांना कोण दाणे घालत असेल, हे एक दुसरीला विचारत होती. ही भाषा नाबांडा फक्त कालांजेशी बोलायची, तो लहान असताना, घरात दुसरं कुणी नसेल तेव्हा.

कुंपणाला टेकून एक चाळिशीची बाई बसली होती. तिच्या मांडीवर एका तरुण पोरीचं डोकं होतं. बाईनं नाबांडाकडं पाहिलं, तिच्या अर्ध्या डोक्याकडं पाहिलं.

"तुमच्या घरी कोण गेलं, बाई?" तिनं विचारलं.

नाबांडा दचकली. उत्तर द्यायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण दुखवट्याच्या प्रश्नाला उत्तर न देणं तिला जमलं नाही. "नवरा," ती तिच्याच भाषेत म्हणाली.

बाईनं डोळे मोठे केले. मग मांडीवरच्या पोरीचं डोकं सावकाश खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी टाळी वाजवल्यासारखं केलं. दुःख कळलं हे सांगायची ती सरोवराकडची रीत. "वाईट झालं," ती म्हणाली. "तू आमच्याकडचीच आहेस की. मूलबाळ?"

"मुलगा आहे."

"मग आधार आहे तुला. किती वर्षं झाली इथं?"

पुढचा प्रश्न काय असणार हे नाबांडाला माहीत होतं. सरोवराकडं दोन अनोळखी बायका भेटल्या की तिसरं वाक्य तेच असतं: कुळ कुठलं? आणि कुळ एक निघालं की त्या अनोळखी राहत नाहीत. नाबांडाला तो प्रश्न ऐकायचा नव्हता. ऐकला असता तर तिच्यानं पुढचं झालं नसतं. आणि ही बाई गावात राहिली, रोज विहिरीवर दिसली, तर आपण जगणार कसं, हेही तिच्या मनात त्याच क्षणी येऊन गेलं. ते तिनं पुढं कधी कुणाला सांगितलं नाही.

तिनं हात वर केला. "ही," ती मटोलाला त्याच्या भाषेत म्हणाली. "आणि ती मांडीवरची."

"अक्का, त्या मायलेकी दिसतात."

"म्हणूनच. एकत्र जातील."

मटोलानं दोघींना उभं केलं. बाई पोरीच्या अंगावरची माती झटकत होती. "कुठं नेतायत, बाई?" तिनं नाबांडाला विचारलं. "परत सरोवराकडं का?"

नाबांडानं तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"हो," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर ती खालच्याच वाटेनं घरी गेली. झाडाखाली समारंभ पुन्हा सुरू झाला होता. अकुसालेनं मुलाच्या डोक्याला कापड बांधलं, चिलोंबे म्हणून तीनदा हाक मारली, आणि तिसऱ्या हाकेला तिचा आवाज फुटला नाही. लोकांनी टाळ्या वाजवून ती भरून काढली. मग रांजण उघडले.

*

माविती त्या वर्षी आलेच नाहीत. टेकडीपलीकडून ते दक्षिणेला वळले. चाळीस बंदुका झोपडीत तेल लावून उभ्या राहिल्या, आणि पाऊस संपायच्या आत नव्या चिलोंबेची माणसं त्या घेऊन सरोवराच्या काठी दोनदा जाऊन आली. वाडग्याचं कुंपण वाढवावं लागलं.

कालांजे त्या समारंभानंतर एकोणिसाव्या दिवशी आला. मटोलाच्या पुढं चालत आला, स्वतःच्या पायांनी. मानेभोवती कातडी सोलून निघाली होती आणि तिथं माशा बसत होत्या. घुंगरू नव्हते. गावानं दारात येऊन पाहिलं, पण गाणी कुणी म्हटली नाहीत. अतुपेलेनं त्याच्यासाठी पाण्याचं मडकं आणलं. तिच्याकडं बघून त्यानं मान हलवली.

तो आईच्या झोपडीसमोर बसला. अकुसालेही तिथंच होती. त्या दिवसापासून ती मुलाच्या मोठ्या घरात जेवत नव्हती, नाबांडाच्या चुलीपाशी येऊन बसायची. दोघी फारसं बोलत नसत. नाबांडानं उगालीच्या घट्ट लापशीचं भांडं चुलीवर चढवलं आणि पीठ घोटायला घेतलं. हात चालू राहिले की बोलावं लागत नाही.

"मान दाखव," अकुसाले म्हणाली.

"नको, आत्या. बरी होईल."

"झाडपाला लावते."

"नको म्हटलं ना." त्याचा आवाज चढला नव्हता. घरातून जाताना तो ज्या आवाजात बोलायचा तोच होता, फक्त त्यातलं हसू गेलं होतं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "मटोलादादानं वाटेत सगळं सांगितलं. बाबांचंही."

नाबांडा घोटत राहिली.

"बाबांचं मी पचवीन, आई. आज ना उद्या. मला दुसरं विचारायचंय. माझ्या जागी ज्या गेल्या, त्यांना कुणी निवडलं?"

"मी," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. त्याला ते ठाऊक होतं; तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

"माझं लाकूड काढलं आणि तिच्या मानेत घातलं. तेच लाकूड. आतून माझं रक्त लागलेलं होतं. ती घाबरली नाही. पोरगी रडत होती, तिला गप्प करत होती. मी तिला म्हटलं, मला माफ कर. तुझ्या भाषेत म्हटलं. तिनं विचारलं, ही भाषा कुठं शिकलास? मी म्हटलं, आईकडून. मग तिनं विचारलं, आई कुठल्या कुळाची?"

भांड्यातली पळी थांबली.

"मी सांगितलं, बांडा." कालांजे दोन्ही हात गुडघ्यांत धरून बसला होता. "ती हसली, आई. त्या लाकडातून मान वळत नव्हती, तरी माझ्याकडं वळून हसली. म्हणाली, मीही बांडाच. म्हणजे मी तुझी मावशी लागते. आणि तिच्या वाटचं भाजलेलं रताळं होतं, ते मला दिलं. लांबचं चालायचंय तुला, म्हणाली, मावशीला नाही म्हणू नये."

"खाल्लंस?" नाबांडानं विचारलं.

"खाल्लं. भूक लागली होती."

तो उठला, मटोलाच्या झोपडीकडं गेला आणि त्या दिवसापासून तिथंच राहिला. नाबांडा चुलीपाशी बसून होती. पीठ तळाला लागलं, करपल्याचा वास अंगणभर पसरला, तरी तिचा हात हलला नाही. शेवटी अकुसालेच उठली आणि भांडं खाली उतरवलं.